हात क्रमांक चार

मशीन म्हणालं, या कापडात तुम्ही अर्ध्या आहात.

म्हणालं म्हणजे पडद्यावर लिहून आलं : 'चाचणीकर्त्याचा अंश आढळला. पन्नास टक्के. नमुना दूषित असू शकतो.' असं अधूनमधून होतं. कुणाला शिंक येते, कुणाचा केस पडतो. म्हणून तर आम्हा वाचकांची लाळ नोकरीच्या पहिल्याच दिवशी मशीनला देऊन ठेवलेली असते. आमचा अंश सापडला की मशीन तो वजा करतं आणि पुढच्या कामाला लागतं. पण माझा अंश असेल तर तो पुरा शंभर टक्के असायला हवा. माणूस शिंकला तर अख्खा शिंकतो.

मी हातमोजे बदलले आणि कापडातली दुसरी गाठ मशीनला लावली. पन्नास. तिसरी लावली. पन्नास.

मला भाऊ नाही, बहीण नाही, मूलही नाही. वडील जाऊन बारा वर्षं झाली. आता उरलं कोण, हे सांगायला मशीन कशाला हवं? मी खुर्चीत मागे टेकून बसले आणि पाणी प्याले. धक्का बसायला हवा होता. पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता अर्ज क्रमांक अकरा भरावा लागणार, नात्यातलं माणूस निघालं की भरायचा तो.

आमचं केंद्र इचलकरंजीत आहे आणि मी तिथे वरिष्ठ वाचक आहे. वृषाली मुठाणे. वाचायचं ते कापड. माझ्या कॉलेजच्या दिवसांत दुकानातल्या प्रत्येक शर्टाच्या टॅगवर एक हिरवं पान असायचं. कुणी 'पृथ्वीस्नेही' लिहायचं, कुणी 'निसर्गाच्या कुशीतून'. पान छापायला शाईखेरीज काही लागत नाही, त्यामुळे ते सगळ्यांनीच छापलं. नदीत रंग सोडणाऱ्यांनी सगळ्यात मोठं छापलं. चांगला ब्रँड निवडायचा म्हणजे कुणाचं पान जास्त हिरवं ते बघायचं, अशी गिऱ्हाइकाची गत झाली होती.

मग तंतुवाचक आला, म्हणजे हे मशीन. कापसाचं झाड जे पाणी पितं त्याची खूण धाग्यात राहते. पावसाचं पाणी आणि खोल बोअरचं पाणी यांतल्या अणूंचं वजन किंचित वेगळं असतं, आणि मशीनला ते कळतं. रंग कशाचा, तो कितीदा धुतला, हेही कळतं. पण खरी गंमत गाठीत असते. मागावर धागा तुटला की विणकर त्याचं टोक जिभेला लावतो, चिमटीत पिळतो आणि गाठ मारतो. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली सवय आहे. सरकारने पाण्याच्या वाट्या वाटल्या, प्रशिक्षणं घेतली, तरी ती काही सुटली नाही. गाठ आवळली की आत लाळेचा एक कण अडकतो. कापड धुतलं की बाहेरचं जातं, पण आतलं राहतं.

त्या कणावरून माणूस ओळखता येतो. नावाने नाही, क्रमांकाने. शिवाय त्यात कॉर्टिसॉल असतं. हे शरीरातलं एक रसायन. सकाळी उठल्यावर ते वर चढतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्री तळाला जातं. म्हणजे ते एक घड्याळच म्हणायचं. मात्र माणूस धास्तावलेला असेल तर ते कुठल्याही वेळी चढतं. त्यामुळे मीटरभर कापडावरून मशीन सांगतं की इथे हात किती होते, ते कुठल्या वेळी राबले आणि राबताना कुठल्या हालतीत होते. गावात त्याला 'भोचक' म्हणतात. सगळं ठीक असेल तर कापडाला स्वच्छ छाप मिळते. दुकानात लोक कपड्यावर फोन धरतात, आणि छाप दिसली नाही तर कपडा जागच्या जागी परत ठेवतात. दोन वर्षांत भलेभले ब्रँड बसले. त्यातले नऊ मी बसवले. मला हे काम आवडतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

पण आज समोर होतं ते 'उभं-आडवं'चं कापड. सन्मती चौगुलेचा हा ब्रँड म्हणजे गावाचं कौतुक. माणसं एकतीस. भंगारात निघालेले माग दुरुस्त करून चालवतात, पावसावरचा कापूस घेतात, डाळिंबाच्या सालीत आणि मंजिष्ठेत रंगवतात, आणि एक दोराही फेकत नाहीत. छाप नव्याने द्यायची वेळ आली होती. पाणी चोख, रंग चोख. हातांच्या रकान्यात मात्र लाल अक्षरं होती : 'हात क्रमांक चार. एकूण गाठींपैकी बहात्तर टक्के. वेळ : रात्री दहा ते पहाटे चार. एकाच व्यक्तीला रात्री कोंडून काम करवून घेतल्याची शक्यता.'

हात क्रमांक चार म्हणजे माझी आई. ती रात्री साडेनऊपासून माझ्या शेजारच्या खोलीत घोरत असते.

संध्याकाळी सातला मी घरी पोचले. आल्यावर मी आधी गोळ्यांचा डबा बघते. मग आईच्या मनगटावरची पट्टी, किती पावलं झाली आणि रक्तदाब काय. मग फ्रिज. मग कचऱ्याची बादली, कारण ती फरसाण खाते आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून तळाशी दडपते. तिच्या छातीत तीस वर्षांची सुताची धूळ आहे. डॉक्टरांनी मीठ, ओझी आणि धूळ या तिन्हींना नाही म्हटलंय. कुणीतरी बघायला नको का?

आई मेथी निवडत बसली होती. दुपारी ती भजनी मंडळात असते, अशी आजवर माझी समजूत.

"भजनी मंडळात काय चाललंय सध्या?" मी विचारलं.

"काय चालायचं? भजनं चालत्यात."

"सन्मतीच्या कारखान्यात?"

तिचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"मशीननं."

"मेलं भोचक," ती म्हणाली, आणि पुन्हा मेथी खुडायला लागली.

"कधीपासून जातेस?"

"झाली की दोन वरसं. अकराला जातो, पाचला येतो. तू यायच्या आत भाकरी तव्यावर असती, म्हणून तुला कळलं न्हाई."

"आणि रात्री?"

"रात्री मी कुठं जातोय? नऊच्या ठोक्याला दिवा कोण बंद करतंय, तूच न्हवं?"

"सुताच्या धुळीत जायचं नाही असं सांगितलंय तुला."

"तोंडाला फडकं बांधतो की."

"फडकं बांधल्यावर धागा जिभेला कसा लावतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे पकडले गेलेले कारखानदार बघतात, तसंच. मग हसण्यावारी नेत म्हणाली, "चुकलं साहेब. गुन्हा कबूल." मी हसले नाही. फ्रिज उघडून ताक आहे का ते पाहिलं.

नियमाप्रमाणे मी दुसऱ्याच दिवशी तपासातून बाजूला झाले. नात्यातला हात निघाला की प्रकरण कोल्हापूर केंद्राकडे जातं. तिथे बार्देस्कर सर आहेत. माणूस सरळ, पण नियमाला पक्का. त्यांनी फोनवर सांगितलं, "आठ दिवसांनी सुनावणी ठेवतो. रात्रपाळी सिद्ध झाली तर छाप रद्द, नाव लाल यादीत. आणि हात क्रमांक चारला संरक्षण म्हणून त्या जागी कायमची बंदी." लाल यादीतून आजवर कुणी परत आलेलं नाही.

मी सन्मतीकडे गेले. पस्तिशीचा मुलगा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याच्या वडिलांकडे आईने उमेदीची वर्षं काढली होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, रात्री कुलूप असतंय हो. किल्ली माझ्या उशाला. कुणाला कोंडतोय मी?"

"मग एकाच माणसाच्या बहात्तर टक्के गाठी आल्या कुठून?"

"सांधणी," तो म्हणाला. "काकू सांधणी करत्यात."

हे मला विचारावं लागायला नको होतं. मी विणकराची मुलगी. मागावरचं सूत संपत आलं की नवा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, चढवतात, आणि जुन्या सुताच्या शेपटाला नव्या सुताचा एकेक धागा जोडतात. दोन हजार चारशे धागे, दोन हजार चारशे गाठी. सगळीकडे आता हे यंत्र करतं. पण सन्मतीचं हाताने कातलेलं, जाडंभरडं सूत यंत्रात तुटतं, म्हणून आई. आणि गाठींचा तो बोटभर पट्टा सगळे कारखाने कापून टाकतात. यांनी नाही टाकला. यांचा वाया न घालवण्याचा वसा. पट्टा तसाच कापडात ठेवला, आणि गिऱ्हाइकांनाही ती खडबडीत ओळ आवडायला लागली. म्हणजे चोखपणाच्या हौसेपायी यांनी स्वतःविरुद्धचा पुरावा कापडात विणून बाजारात पाठवला होता.

"हातांचं कळलं," मी म्हणाले. "पण वेळेचं काय? मशीन रात्र म्हणतंय."

"ते तुमचं मशीन जाणे. काकू आत हाईत. बघा."

सकाळचे साडेअकरा झाले होते. चार माग खडखडत होते, पाचवा बंद. त्याच्यामागे आई एका ठेंगण्या स्टुलावर बसली होती. डावा हात सुतात, उजवा तोंडाकडे. धागा जिभेला, चिमटीत, पीळ, गाठ. पुन्हा धागा. मिनिटाला दहा, मी घड्याळ लावून मोजलं. मी शेजारी उभी राहिले तरी तिला पत्ता नव्हता. ओठांत काहीतरी गुणगुणत होती. खांदे सैल सुटले होते. तिचे खांदे असे असतात, हे मी विसरून गेले होते.

"आई," मी हाक मारली.

"थांब जरा. ह्या फणीच्या गाठी हुं दे," ती वर न बघता म्हणाली. मला थांबायला सांगणारी आई मी बऱ्याच वर्षांनी ऐकत होते.

तिथे उभ्याउभ्याच माझ्या लक्षात आलं. मशीनला घड्याळ दिसत नाही, कॉर्टिसॉल दिसतं. आम्ही त्याला लाखभर कामगारांच्या गाठी दाखवून शिकवलं. त्यात सकाळी अकराला इतकं निवांत काम करणारं माणूस नव्हतंच. इतकी शांतता त्याने फक्त मध्यरात्रीच्या गाठींत पाहिलेली. म्हणून तीच शांतता आईच्या गाठींत दिसल्यावर त्याने सरळ रात्र धरली आणि रात्र धरल्यावर कोंडून ठेवणं धरलं. चूक आमचीच. आम्ही त्याला सुखी कामगार दाखवलेच नव्हते.

ही चूक सिद्ध करायची रीत ठरलेली आहे. त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या जागी मारलेल्या गाठी घ्यायच्या, वेळ लिहून. म्हणजे तिचं शरीराचं घड्याळ नीट चालतं की नाही ते कळतं. नीट चालत असेल, तर कारखान्यातली शांतता ही शांतताच, रात्र नव्हे. दुसरी जागा म्हणजे अर्थात घर.

हात क्रमांक चारची मुलगी म्हणून मी अपील केलं, आणि बार्देस्करांनी शिक्क्याची पाकिटं पाठवली. तीन दिवस, दर दीड तासाने पाच गाठी. आईला त्याची फार मजा वाटली.

"परीक्षाच म्हणायची," ती म्हणायची. "जिभेची परीक्षा." तीन दिवस तिने कारखान्यात रजा टाकली. पाकिटांवर तिच्या गोल अक्षरात वेळा लिहिलेल्या : सात, साडेआठ, दहा. मी सकाळी नऊला निघायचे आणि संध्याकाळी सातला यायचे. तिसऱ्या दिवशी मी आले तेव्हा ती दाराशीच धागा घेऊन उभी होती. "सातची हाय ही," म्हणाली आणि माझ्यादेखत पाच गाठी मारून पाकीट बंद केलं. मग मी गोळ्यांचा डबा बघितला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी बार्देस्करांचा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "मुठाणे मॅडम, घरच्या गाठींचं वाचन आलं. तुमचं म्हणणं बरोबर निघालं. घड्याळ नीट आहे त्यांचं. म्हणजे छाप वाचेल."

"बरं झालं."

"हो. पण एक आहे. वाचन उघड सुनावणीत मोठ्याने वाचावं लागतं, तासवार, आणि ते कायमचं नोंदीत राहतं. त्यात... तुम्ही स्वतः आधी बघून घ्या. तुमचं अपील आहे. मागे घ्यायचं असेल तर आज सहापर्यंत घेता येईल."

त्यांनी पाठवलेला आलेख मी उघडला. सकाळी सातला वर, ते ठीक, सगळ्यांचंच असतं. साडेआठला आणखी वर. मी निघाल्यावर, दहाला, खाली. दुपारभर खाली, कारखान्याइतकी नाही, पण खाली. साडेपाचला चढायला सुरुवात. सातला रेघ कागदाच्या माथ्याला टेकलेली. साडेआठलाही तिथेच. दहाला, मी दिवा बंद केल्यानंतर गाठींसाठी उठून तिने अंधारात मारलेल्या गाठींत, पुन्हा जमिनीवर. तिन्ही दिवस तसंच.

असे आलेख मी शेकड्यांनी पाहिलेत. मुकादम पाळीवर आला की असाच डोंगर उभा राहतो. आम्ही त्यावर बोट ठेवून विचारतो, 'या वेळी तिथे कोण येतं?' आजवर एकाही मालकाला त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

मी तो आलेख बराच वेळ बघत बसले. लाज वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. अपील मागे घेतलं असतं तर हे कुणालाच कळलं नसतं. सन्मती बुडाला असता, एकतीस माणसं घरी बसली असती आणि आईला त्या स्टुलावर कधीच बसता आलं नसतं. ती दिवसभर घरी राहिली असती, सुरक्षित, माझी वाट बघत.

सहाला पाच मिनिटं कमी असताना मी बार्देस्करांना फोन केला. "वाचा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला मी आईला घेऊन कोल्हापूरला गेले. वीसेक माणसं असतील. सन्मती, त्याचे काही कामगार, दोन पत्रकार. बार्देस्करांनी आधी कारखान्याच्या गाठी वाचल्या, मग घरच्या. आवाज एकसुरी ठेवला, त्यांचे उपकार.

"दुपारी एक : ताण कमी. अडीच : कमी. चार : कमी. साडेपाच : मध्यम. सायंकाळी सात : अतितीव्र. साडेआठ : अतितीव्र." ते थांबले. नियमाप्रमाणे पुढचं वाक्य वाचणं त्यांना भाग होतं. "ही जागा कामाची असती, तर येथील कापडास छाप देता आली नसती."

कुणीतरी खाकरलं. सन्मती खाली मान घालून बसला. आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या मशीनचं काय खरं धरताय सर? भर दुपारला रात म्हणणारं मशीन त्ये. माझी पोरगी लई करती माझं."

"नोंद घेतो," बार्देस्कर म्हणाले.

छाप कायम राहिली. मशीनला सांधणी शिकवायचं ठरलं. हात क्रमांक चारवर कसलीही बंदी नाही. कामगारांनी पेढे वाटले. आईने एक खाल्ला आणि माझ्याकडे चोरून पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं, तेव्हा तिने दुसरा घेतला.

परतीच्या गाडीत तिने विचारलं, "रागावलीस व्हय?"

"नाही."

"मशीन चुकलंय गं. मला काय घरात त्रास हाय?"

"नाही, काहीच नाही," मी म्हणाले. तिला बरं वाटावं म्हणून. वाटेत एकदा तिने माझ्या ओढणीचं टोक नीट केलं.

सोमवारी ती अकराला कारखान्यात गेली, आता उघडपणे. मी कामावर गेले आणि दिवसभरात सहा नमुने वाचले. एकात मुकादमाचा डोंगर निघाला. शेऱ्यात 'मालकाशी संपर्क साधावा' असं लिहिलं आणि सही केली.

सातला मी इमारतीखाली पोचले. स्कूटर लावली. वर आमच्या स्वयंपाकघरात दिवा होता, आणि खिडकीतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थापण्याचा आवाज थांबला.

मी पाय मागे घेतला. परत येऊन स्कूटरवर बसले. थोड्या वेळाने फोन वाजला.

"वृषाली, आज उशीर हाय व्हय गं?"

"हो. काम निघालंय."

"किती?"

"साडेआठ होतील. तू जेवून घे."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "सावकाश ये. काय घाई न्हाई."

फोन बंद झाला. वर भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि त्याच्याबरोबर ते गुणगुणणं. मी हेल्मेट मांडीवर घेतलं आणि साडेआठ वाजायची वाट बघत तिथेच बसून राहिले.